एमएसडब्ल्यूनंतर समुपदेशनाची स्वतःची प्रॅक्टिस: पुण्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालीय, त्यानंतर हडपसर भागात एका संस्थेत महिला आणि मुलांसोबत सात-आठ वर्षं काम केलंय. आता स्वतंत्रपणे समुपदेशन करायचंय. एमएसडब्ल्यूवर प्रॅक्टिस करता येते का, की आधी मानसशास्त्रात एमए करावं? आणि समाजकार्य केलेल्या माणसाला लोक फी देतात का?

लोक फी देतात. ती मागताना आपलीच जीभ अडखळते, ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे लिहिते. प्रॅक्टिसही करता येते. मी त्याच वाटेने आले: आधी रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, मग कौटुंबिक सल्ला केंद्र आणि त्यानंतर कर्वे रोडच्या एका गल्लीत तासावर घेतलेली खोली. पण एमएच्या फॉर्मसाठी धावाधाव करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. कायद्यात आपण कुठे बसतो आणि आपल्याला नेमकं काय येत नाही.

कायद्याचं आधी. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नुसतं मानसशास्त्रात एमए करून, तेही दूरशिक्षणाने, ती मिळत नाही. अनेकजण दोन वर्षं आणि बरेच पैसे घालवल्यावर हे शोधून काढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'सायकिअॅट्रिक सोशल वर्कर'ची व्याख्या दिली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह एम.फिल. बंगळूरची निम्हान्स, रांचीची सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांत ते होत आलं. पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद करायचं ठरवलं आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे त्या वाटेने जायचं असेल तर तिथे आता कोणत्या नावाचा अभ्यासक्रम आहे, हे त्या संस्थेकडूनच लेखी विचारून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या माहितीपत्रकावर जाऊ नका. तिसरा कायदा २०२१ चा, संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाचा. त्याच्या परिशिष्टात समाजकार्यकर्ते आहेत, वैद्यकीय आणि सायकिअॅट्रिक समाजकार्यकर्ते धरून. म्हणजे नोंदणीच्या यादीत आपलं नाव आहे. राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करता येईल तेव्हा पहिल्या रांगेत उभ्या राहा.

पाटीवर काय लिहायचं? नाव, त्यापुढे एमएसडब्ल्यू, खाली समुपदेशक. 'मानसोपचारतज्ज्ञ' नको, 'थेरपिस्ट' लिहायची घाई नको. आणि पाटी आहे म्हणून लोक तुम्हाला 'डॉक्टर' म्हणायला लागतील, तेव्हा पहिल्याच वेळी हसून दुरुस्त करा. चौथ्या वेळी दुरुस्त करायला फार अवघड जातं.

आता आपल्याला काय येत नाही ते. एमएसडब्ल्यूची दोन वर्षं आठवा. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, रात्री जागून लिहिलेली रेकॉर्डिंग्ज, म्हणजे त्या कामाच्या सविस्तर नोंदी, आयसीत, म्हणजे मार्गदर्शकाबरोबरच्या एकट्याच्या बैठकीत, सरांनी किंवा मॅडमनी लाल पेनाने विचारलेलं, "इथे तुला काय वाटलं?" हे प्रशिक्षण कमी नाही. मानसशास्त्राच्या वर्गात दोन वर्षं बसलेल्या अनेकांनी तोवर एकाही माणसाच्या घरी पाऊल टाकलेलं नसतं. आपल्याला रॅपो, म्हणजे समोरच्याशी विश्वासाचं नातं जमतं, माहिती काढता येते, पोलीस स्टेशनात उभं राहता येतं. पण संस्थेच्या कामात प्रत्येक भेटीत काहीतरी व्हावं लागतं. अर्ज भरला, रेफर केलं, होम व्हिजिट झाली, रजिस्टरला नोंद झाली. समुपदेशनाच्या खोलीत समोरची व्यक्ती वीस मिनिटं रडते आणि करण्यासारखं काहीही नसतं. अशा वेळी आपला हात फोनकडे जातो. "थांबा, महिला बालकल्याणमध्ये माझी ओळख आहे." तो हात आवरायला शिकावं लागतं, आणि ते पुस्तकातून येत नाही.

म्हणून प्रशिक्षण घ्याच, पण एमएच हवं असं नाही. पुण्यात शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्र कोर्सेसना तोटा नाही. त्यातला निवडताना एकच चौकशी करा: माझं प्रत्यक्ष काम कोणी बघणार आहे का? म्हणजे परवानगीने रेकॉर्ड केलेलं सत्र ऐकून, "इथे तू घाई केलीस" असं सांगणारं कोणी आहे का? असेल तर फी जास्त असली तरी घ्या. नसेल तर ते भिंतीवर लावायला कागद विकत घेण्यासारखं आहे. पद्धत कोणती, याने सुरुवातीला फार फरक पडत नाही. मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळे आरईबीटीची, म्हणजे विवेकनिष्ठ पद्धतीची परिभाषा तयार आहे. आपल्या माणसांना ती पटकन कळते, म्हणून बरेचजण तिथून सुरू करतात. कोणतीही एक धरा आणि निदान दोन वर्षं सोडू नका. दर सहा महिन्यांनी नवी कार्यशाळा, नवी पद्धत, हा एक आजारच आहे आमच्या क्षेत्रातला.

आणि आता मला खरं जे सांगायचंय ते. खाजगीत आलेले बरेच एमएसडब्ल्यू आपलं समाजकार्य दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवतात. आत मऊ आवाज, दोन सोफे, टिश्यूचा डबा आणि सगळं बोलणं फक्त समोरच्याच्या मनाबद्दल. यात आपण आपल्याकडचं सर्वांत जास्त किमतीचं हत्यार टाकून देतो.

एक उदाहरण, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. पन्नाशीच्या बाई, बँकेत नोकरी, कोथरूडला टू बीएचके. तक्रार झोपेची. आधी एका समुपदेशकाकडे जाऊन आल्या होत्या. त्यांनी श्वासाचे व्यायाम दिले, झोपेआधी मोबाइल नको म्हणून सांगितलं, विचारांची वही लिहायला लावली. सगळं बरोबरच होतं. बाईंनी ते मनापासून केलंही होतं, वही घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही रात्री झोपता कुठे?" त्या गोंधळल्या. हॉलमधल्या दिवाणावर. का? तर एका खोलीत सासरे, त्यांना डिमेन्शिया, रात्री उठून दाराची कडी काढायला जातात. दुसऱ्या खोलीत नवरा, त्याचे अमेरिकेशी रात्री कॉल असतात, मग सकाळी त्याला झोप हवी. दिवाण दाराजवळ आहे, म्हणून त्या तिथे. म्हणजे घरातली रात्रपाळी त्या करत होत्या, आणि दिवसा बँकेत कॅश मोजत होत्या. वहीत यातलं काही नव्हतं, कारण वहीत त्यांना त्यांचे 'विचार' लिहायला सांगितले होते.

मी त्यांच्याबरोबर घराचा साधा नकाशा काढला, कोण कुठे झोपतं, कोण किती वाजता उठतं. मग जीनोग्राम, म्हणजे नात्यांचा वंशवृक्षासारखा तक्ता. त्यात एक दीर निघाले, औंधला राहणारे, दर रविवारी वडिलांना बघायला येणारे आणि जाताना "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त" म्हणणारे. पुढच्या सत्राला नवरा आणि दीर दोघांना बोलावलं. रात्रीसाठी ब्युरोची मावशी ठेवायची, खर्च दोघा भावांनी वाटून घ्यायचा, दाराला वरच्या बाजूला वेगळी कडी. हे आपल्या कुठल्याही फील्डवर्कच्या विद्यार्थिनीला सुचलं असतं.

पण इथेच थांबलात तर अर्धंच काम झालं. मावशी आली, बाई बेडरूममध्ये झोपायला लागल्या, आणि तरी झोप आली नाही. आडवं पडलं की छातीत धडधड. मग कुठे चार-पाच सत्रांनंतर निघालं की मावशी ठेवल्याची त्यांना शरम वाटत होती. "सासूबाई असत्या तर हे चाललं नसतं." सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिथून पुढे मात्र नकाशा कामाचा नव्हता. तिथे बसून राहायचं होतं, त्यांच्या तोंडून ती सासू खोलीत येऊ द्यायची होती, मी मध्ये न बोलता. दोन्ही यायला हवं. नुसता मानसशास्त्रवाला पहिल्या अर्ध्याला चुकतो, नुसता समाजकार्यवाला दुसऱ्याला.

डॉक्टरांचं. पाटी लावायच्या आधी निदान दोन सायकिअॅट्रिस्टना जाऊन भेटा, स्वतःची ओळख सांगा, त्यांचा रेफर करायचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. आवाज ऐकू येणं, जीव देण्याचा ठरवलेला बेत, आठ-आठ दिवस झोप न लागता अंगात प्रचंड उत्साह, बाळंतपणानंतरचे गंभीर बदल, हे आपल्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. दारूबद्दल विशेष सांगते: रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून एकदम बंद" असा सल्ला देऊ नका, अचानक बंद केल्याने झटके येऊन जीवावर बेतू शकतं. ते वैद्यकीय देखरेखीखालीच. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, नातेवाइकांना आधी तिथे पाठवा. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक क्लायंटला पहिल्याच दिवशी द्या. तुमचा स्वतःचा नंबर हे काही संकटकाळचं केंद्र नव्हे.

गोपनीयता हा विषय संस्थेत सोपा वाटतो, कारण फाइल कपाटात आणि कपाटाची चावी ऑफिसात. खाजगीत तो रोज दारात उभा असतो. पुण्यातला सर्वांत नेहमीचा प्रसंग: चोवीस वर्षांचा मुलगा, हिंजवडीत नोकरी, आईने आणलेला. फी आई भरते. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, "मॅडम, काय म्हणाला हो तो? म्हणजे मला सांगायला हरकत नाही, मी आईच आहे." आता तुम्ही ज्या वस्त्यांत काम केलंत तिथे आईला सांगणं हाच बहुतेक वेळा उपाय होता. इथे नाही. मी फोनवर इतकंच म्हणते, "काकू, तो येतोय एवढं मी सांगू शकते. बाकी त्यालाच विचारा. आणि हे तुमचं बोलणं झालं, हे मी त्याला सांगणार आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते म्हटलं नाही तर पुढच्या आठवड्यात तुम्ही आईच्या हेर ठरता. माणूस सज्ञान असेल तर पहिला फोन त्याने स्वतः करायचा, हा नियम ठेवला की यातले निम्मे प्रसंग टळतात.

मुलांच्या बाबतीत मात्र गोपनीयतेला ठळक सीमा आहे आणि ती पहिल्या सत्रातच, मुलाला समजेल अशा भाषेत सांगायची. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आपणही त्यात आलो. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. या कायद्याला अठराखालच्या मुलीची संमती मान्य नाही. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी 'माझा बॉयफ्रेंड आहे' म्हणून जे विश्वासाने सांगेल तेही या कक्षेत येऊ शकतं. हे तिने बोलून झाल्यावर सांगितलंत तर ती फसवणूक झाली. आधी सांगा, म्हणजे काय बोलायचं ते ती ठरवेल.

आणि नोंदी. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकांना त्यांच्या नियमांत आहे. तुमच्या वहीला तसं काही नाही. शिवाजीनगरच्या कोर्टात घटस्फोटाची केस उभी राहिली आणि तुमच्या नोंदी मागवल्या गेल्या, तर त्या मोठ्याने वाचल्या जातील असं समजूनच लिहा. 'पत्नी संशयी स्वभावाची' असं लिहू नका. 'पत्नीने सांगितलं की तिने दोनदा फोन तपासला' असं लिहा. रेकॉर्डिंग लिहिताना मॅडम हेच सांगत होत्या, तेव्हा कंटाळा यायचा.

जोडप्यांचं काम घेणार असाल तर इथे आपला अनुभव फार उपयोगी पडतो. मारहाण चालू असेल तर दोघांना एकत्र बसवून 'संवाद' करायचा नाही. ती बाई खोलीत जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून हे काम पोलीस स्टेशनात बसून करणारे समाजकार्यकर्तेच आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, हे तुम्हाला पाठ आहे. बंगल्यातल्या बाईला ते सांगायला संकोचू नका. तिला ते माहीत नसतं, उलट 'हे आपल्यासाठी नाही' असं वाटत असतं.

फी. फोनवरच, भेटीची वेळ ठरवतानाच सांगायची. "तुमच्या इच्छेने द्या" हे वाक्य कायमचं बंद. त्याने गरिबाला अवघडल्यासारखं होतं आणि श्रीमंत दोनशे रुपये ठेवून जातो. पुण्यात नवीन समुपदेशक साधारण ५०० ते १००० च्या दरम्यान सुरू करतात, अनुभवी बरेच वर जातात. तुमचा आकडा ठरवा, टेबलावर क्यूआर कोड ठेवा आणि आकडा सांगून गप्प बसा; मागून "पण अडचण असेल तर..." जोडू नका. अडचण असणाऱ्यांसाठी आठवड्यातल्या दोन-तीन वेळा आधीच राखून ठेवा, त्यांचा दर वेगळा आणि ठरलेला. रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, नाहीतर फी लागू. पहिल्यांदा ही फी मागाल तेव्हा कानशिलं तापतील. समोरचा देतो, निमूट देतो.

यातून निघणारी रक्कम पूर्ण तुमची नाही, हेही हिशोबात धरा. स्वतःच्या सुपरव्हिजनची फी महिन्याला बाजूला काढायची. संस्थेत सोमवारी मीटिंग असते, चहाला सहकारी असते, वरिष्ठ असतात. इथे संध्याकाळी साडेसातला एक भयंकर कहाणी ऐकून तुम्ही कुलूप लावता आणि सिग्नलला उभ्या राहता. महिन्यातून एकदा अनुभवी माणसासमोर केस मांडणं आणि समवयस्क चार-पाचजणींचा गट, हे दोन्ही नसेल तर सुरूच करू नका.

खोली आधी तासावर घ्या. डॉक्टरांचे दवाखाने दुपारी रिकामे असतात. बाहेरचं बोलणं आत आणि आतलं बाहेर ऐकू येत नाही ना, हे खुर्च्यांच्या रंगाआधी तपासा. दोन भेटींमध्ये वीस मिनिटं सोडा. पुणे दिसतं मोठं, पण वेटिंगला बसलेले दोघं एकमेकांचे व्याही निघतात. राहत्या सोसायटीत करणार असाल तर कमिटीशी आधी बोला. कागदपत्रं फार नाहीत: मोजकीच माणसं असतील तर शॉप अॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना, वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर, आणि आयकर विवरण वेळेत. रुग्णांना भरती करून ठेवणार नसाल तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणीचा प्रश्न येत नाही.

क्लायंट कुठून येतात? इन्स्टाग्रामवरून थोडे. बाकी आसपासचे फॅमिली डॉक्टर, होमिओपॅथ, शाळेच्या मुख्याध्यापिका, कौटुंबिक केसेस घेणारे वकील. यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, कार्ड द्या आणि तुम्ही काय घेत नाही तेही सांगा. त्याने विश्वास लवकर बसतो. बऱ्या झालेल्या क्लायंटच्या प्रतिक्रिया मात्र कुठेही टाकू नका, नाव न घालताही.

नोकरी आत्ताच सोडू नका. संध्याकाळचे दोन दिवस आणि शनिवार, इतक्यावर सुरू करा, आणि त्याआधी नेमणूकपत्र काढून बाहेरच्या कामाबद्दल काय अट आहे ते वाचा. संचालकांना सांगूनच करा. मे महिना, गणपती, दिवाळी या काळात भेटी ओस पडतात, म्हणून एखाद्या चांगल्या महिन्यावरून अंदाज बांधू नका. हे तिन्ही पाहून झाल्यावरही घरखर्च निघतोय असं दिसलं तर राजीनामा द्या. आणि संस्थेत ज्या बायका तुमच्याकडे येतात, त्यांना खाजगीत बोलावायचं नाही, कमी फीतही नाही, फुकटही नाही. त्यातली एखादी म्हणेलच, "ताई, मी तुमच्याकडेच येणार." तिची फाइल नव्या सहकारीकडे देताना तिला सोबत बसवा आणि पुढची तारीख तिच्यासमोरच, त्या सहकारीच्या वहीत लिहा.